किनाऱ्यावरच्या नोंदी : तुमचा अनुभव लिहा

लग्न होऊन मालवणात आले त्याला २२ वर्षं झाली. खडपांवर कालवं काढायला जायचे, बाकी सगळे माझ्या लेखी किडे. दोन वर्षांपूर्वी भाचीने मोबाइलवर आयनॅचरलिस्ट घालून दिलं, फोटो टाकला की जीव ओळखायला मदत करणारं ॲप. सुकतीला, पाणी ओसरल्यावर, एका डबक्यात बिनशंखाच्या गोगलगायीसारखं जांभळट काहीतरी सरकत होतं, त्याचा फोटो टाकला. तो सी स्लग निघाला. इतकी वर्षं तो माझ्या पायाशीच होता! तेव्हापासून डबक्यात वाकून बघितल्याशिवाय पुढे पाऊल पडत नाही. तुम्ही कासवं राखत असाल, पक्षी मोजत असाल, आंब्याचा मोहोर टिपत असाल, तर लिहा.

*गुहागरहून*

माझे आजोबा कासवाची अंडी काढून आणायचे, तेव्हा कुणाला त्यात वावगं वाटत नसे. मी हिवाळाभर पहाटे पुळणीवर असतो. मादीच्या वल्ह्यांसारख्या पायांचा माग दिसला की काठी टोचत जायचं, वाळू भुसभुशीत लागली की तिथे घरटं. बहुतेकदा शंभराच्या आसपास अंडी. ती हॅचरीत, म्हणजे अंडी राखायच्या कुंपणात, तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची, वहीत तारीख, वेळ, संख्या लिहायची. वाळूचं तापमानसुद्धा, कारण वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निघतात. पिल्लं यायला साधारण ४५ ते ६० दिवस. आधी मला हे कारकुनी काम वाटायचं. आता पन्नास दिवस उलटूनही वाळू खचलेली दिसली नाही तर घरी घास उतरत नाही.

२०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर टॅग लावलेली एक मादी २०२५ मध्ये आमच्या गुहागरला अंडी घालायला आली. टॅगवरचा आकडा बघून टिपला गेला म्हणूनच हे कळलं. माझ्या वहीकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने बघतो.

*रत्नागिरीहून*

आई ७६ वर्षांची, गुडघ्यांमुळे समुद्रावर जाणं बंद. फेब्रुवारीतल्या पक्षीगणनेसाठी तिला खाडीकडच्या पडवीत १५ मिनिटं बसवलं. ती सांगायची, मी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या ॲपवर भरायचे. गणना चार दिवसांची, पण आईने ती सोडलीच नाही. कुरव लडाख-तिबेटच्या तळ्यांवरून येतात हे कळल्यावर म्हणाली, "एवढ्या लांबून आमच्या दारात!" आता ते परत गेले की दोन दिवस तिचं मन लागत नाही.

*मुंबईहून, मूळ गाव वेंगुर्ले*

२०१७ मध्ये सुरू झालेल्या 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या किनाऱ्यावरचे जीव दाखवणाऱ्या गटाबरोबर हाजी अलीच्या खडकांवर गेलो. तिथे जिवंत पोवळी बघितली. गावची ओढ शहरातच थोडी भागली.

*देवगडहून*

एक विनंती. आमच्या खडपांवरच्या शंखांचे फोटो जागेसकट फिरले आणि लोक पिशव्या घेऊन आले. धोक्यातल्या प्रजातींची जागा आयनॅचरलिस्ट स्वतः धूसर करतं, इतरांची आपण करावी लागते. जे आपलं वाटतं त्याची राखणही करा.

*पुन्हा मालवणहून*

देवगडकर, खरं आहे. माझ्या जुन्या नोंदींच्या जागा आज बसून झाकल्या. येत्या अवसेच्या सुकतीला सासूबाईही खडपांवर येणार आहेत. कालवांसाठी नाही, तो जांभळा बघायला.