मदत हवी आहे : ल्यूज डबल्समध्ये खालचा खेळाडू नक्की करतो काय?

मंडळी, ल्यूज डबल्स (बर्फाच्या ट्रॅकवरून छोट्या घसरगाडीवर झोपून दोघांनी खाली येण्याची शर्यत) खेळणाऱ्या दक्षिण कोरियाच्या पार्क जिन-योंग आणि चो जंग-म्यंग या जोडीचं वेड लागलंय. 2014 सोची, 2018 प्योंगचांग, 2022 बीजिंग, तिन्ही हिवाळी ऑलिंपिकना हीच जोडी. घरच्या बर्फावर, म्हणजे प्योंगचांगला, नववे आले, जर्मन लोकांच्या या खेळात हे मला तरी भारीच वाटतं.

पण घोडं अडलंय एका ठिकाणी. दोघं एकावर एक उताणे झोपतात, पाय पुढे. वरचा पोटऱ्यांनी घसरगाडीच्या खालच्या पट्ट्या दाबून ती वळवतो, हे दिसतं. खालच्याला तर समोरचं धड दिसतही नसणार! मग वळण आलं हे त्याला कळतं कसं? वरच्याच्या मानेच्या हालचालीवरून, की सगळी वळणं पाठ असतात? कोणी प्रत्यक्ष ट्रॅकवर बसलंय का? सांगा ना.