ॲलिस कूपर: फास, खुर्ची, गिलोटिन कुठल्या दौऱ्यात?

रंगपीठ: अमेरिकन रॉक गायक ॲलिस कूपरच्या जुन्या कार्यक्रमांच्या तारीख नसलेल्या चित्रफिती क्रमाने लावतोय. शेवटी रंगमंचावर त्याला दिल्या जाणाऱ्या खोट्या मृत्युदंडावरून दौरा ओळखता येईल का?

तबकडी: सुरुवातीचे येतील. 'लव्ह इट टू डेथ' (१९७१) म्हणजे विजेची खुर्ची, 'किलर' म्हणजे फास, 'बिलियन डॉलर बेबीज' (१९७३) म्हणजे गिलोटिन (मुंडकं उडवणारं पात्याचं यंत्र). त्यात जल्लाद व्हायचा जादूगार जेम्स रँडी. १९८६च्या पुनरागमनानंतर मात्र हीच साधनं आलटून पालटून येतात. तिथे गाण्यांची यादीच बघा.

विंगेतून: फासात गळ्यातला दोर नुसता दाखवायला. वजन पेलते ती अंगातल्या पट्ट्याला जोडलेली पियानोची तार. ताणून ताणून ती कमजोर होते, म्हणून वेळच्या वेळी बदलायलाच हवी. १९८८मध्ये लंडनला तालमीत ती तुटली, दोर हनुवटीला लागला. मान झटकन मागे टाकली म्हणून ॲलिस वाचला.

तबकडी: १९७५चा 'वेलकम टू माय नाइटमेअर' पडद्यावरून ओळखा. पडदा उभ्या पट्ट्यांचा. चित्रपटातला ॲलिस समोर धावत येतो आणि नेमका त्या क्षणी पट्ट्यांतून खराखुरा बाहेर पडतो. क्षणभर मागेपुढे झालं तरी भास फसतो. माझ्या मते त्याच्या सगळ्या दौऱ्यांतली ही सर्वांत सुंदर युक्ती.