बिल्ड मोडला की फोल्डर पुसून टाकणे: निदान की पळवाट?

सुतारपक्षी

एकाच कोडमधून लिनक्स, विंडोज आणि मॅकओएस या तिन्हींसाठी सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या प्रकल्पात काही वर्षे काम केल्यावर माझे असे मत झाले आहे की, बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करण्याची प्रक्रिया) मोडल्यावर सर्वांत आधी दिला जाणारा ‘बिल्ड फोल्डर उडवा आणि पुन्हा चालवा’ हा सल्ला दोष दुरुस्त करत नाही; तो दोषाचा पुरावा तेवढा नष्ट करतो.

मध्यंतरी आमच्या एका सहकाऱ्याच्या अ‍ॅपल सिलिकॉन मॅकवर लिंकर (कोडचे तयार तुकडे जोडणारा प्रोग्रॅम) अचानक सिम्बॉल, म्हणजे फंक्शन वा चलाचे नाव, सापडत नसल्याची तक्रार करू लागला. फोल्डर पुसला, बिल्ड झाला, सगळे आपापल्या कामाला लागले. तीन आठवड्यांनी तीच तक्रार दुसऱ्या मॅकवर आली, आणि या वेळी पुसण्याआधी कोणीतरी लॉग वरपर्यंत वाचला. शेवटच्या त्रुटींच्या कितीतरी वर एक इशारा निमूटपणे पडून होता: अमुक लायब्ररी (तयार कोडचा संच) इंटेल प्रोसेसरसाठी बनलेली असल्यामुळे ती विचारात घेतलेली नाही. दोन्ही यंत्रांवर होमब्रूच्या (मॅकवर लायब्ररी बसवणाऱ्या साधनाच्या) दोन प्रती निघाल्या. जुन्या इंटेल मॅकवरून डेटासोबत आलेली ‘यूएसआर-लोकल’मधली एक आणि नव्याने बसवलेली ‘ऑप्ट-होमब्रू’मधली दुसरी. आमच्या बिल्डची आखणी सीमेक हे साधन करते. ते टर्मिनलमधून चालवले की तिथल्या पाथमुळे (प्रोग्रॅम शोधण्याच्या ठिकाणांच्या यादीमुळे) नवी प्रत सापडे. डॉकमधून उघडलेल्या आयडीईला (कोड लिहिण्याच्या प्रोग्रॅमला) मात्र शेलचा, म्हणजे टर्मिनलमधला, पाथ मिळत नाही, त्यामुळे पहिले कॉन्फिगर (सीमेकची यंत्र तपासून बिल्डची मांडणी ठरवण्याची पायरी) तिथून झाले की जुनी प्रत सापडे, आणि एकदा सापडलेले सीमेकच्या कॅशमध्ये, म्हणजे साठवलेल्या निकालांत, ठाण मांडून बसे. पहिल्या वेळी दुरुस्ती झाली ती फोल्डर पुसल्यामुळे नव्हे, तर पुसल्यानंतर त्या सहकाऱ्याने योगायोगाने टर्मिनल वापरले म्हणून.

सीमेकची कॅश ही साधी मजकूर फाइल आहे. मोडलेल्या फोल्डरचे नाव बदलून तो बाजूला ठेवावा, नव्या फोल्डरमध्ये कॉन्फिगर करावे आणि दोन्ही कॅश फाइलींमधला फरक पाहावा, एवढेच माझे म्हणणे आहे. आमच्या बाबतीत ही तुलना पहिल्याच दिवशी केली असती, तर लायब्ररीचा चुकीचा मार्ग लगेच डोळ्यांत भरला असता.

कोरी_पाटी

सुतारपक्षी यांनी सांगितलेला प्रसंग बोलका आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. फोल्डर पुसणे ही पळवाट नसून निदानाचा पहिला प्रयोग आहे, कारण दोष साचलेल्या जुन्या स्थितीत आहे की खुद्द कॉन्फिगरेशनमध्ये आहे, हे त्यातून काही मिनिटांत वेगळे होते. कंपायलरची (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमची) निवड पहिल्या कॉन्फिगरच्या वेळी एकदाच होते, आणि नंतर जनरेटर (सीमेक कोणत्या बिल्ड साधनासाठी फाइली लिहिणार ती निवड) बदलायचा म्हटले तर सीमेक स्वतःच जुनी कॅश काढून टाका असे सांगते. सीमेकच्या २०२२ मधल्या ३.२४ या आवृत्तीत जुनी कॅश टाकून नव्याने कॉन्फिगर करणारा ‘फ्रेश’ हा पर्यायच आला. साधन बनवणाऱ्यांनी ज्या कृतीसाठी स्वतंत्र पर्याय दिला, तिला पुरावा नष्ट करणे म्हणणे अतिशयोक्तीचे आहे.

शिवाय जुना फोल्डरच दोष लपवतो, याची उदाहरणे मी अधिक पाहिली आहेत. बिल्डदरम्यान तयार होणाऱ्या एखाद्या हेडरवरचे (कोडमध्ये समाविष्ट केल्या जाणाऱ्या फाइलीवरचे) अवलंबित्व जाहीर करायचे राहून गेले, तर आधीच्या बिल्डमधला तो हेडर फोल्डरमध्ये पडलेला असल्याने सगळे सुरळीत चालते. कोऱ्या फोल्डरमध्ये निंजा (बिल्डची कामे चालवणारा प्रोग्रॅम) अनेक कामे एकाच वेळी सुरू करतो तेव्हाच ते फुटते, आणि तेही दर वेळी फुटेल असे नाही. ज्या संघात कोणी फोल्डर पुसत नाही, तिथे हा दोष नव्या सदस्याच्या पहिल्याच दिवशी त्याच्या माथी येतो.

आणि खरे सांगायचे तर एका प्लॅटफॉर्मवर चालणारा बिल्ड दुसऱ्यावर मोडण्याची बहुतेक कारणे कॅशमध्ये नसतातच. मॅकची आणि विंडोजची फाइल सिस्टिम मूळ मांडणीत लहान-मोठ्या अक्षरांत भेद करत नाही, त्यामुळे इन्क्लूडमध्ये (हेडर मागवणाऱ्या ओळीत) नावातले एक अक्षर लहानाऐवजी मोठे पडले असले तरी तिथे चालते आणि लिनक्सवर अडते. लिनक्सवर जीसीसी हा कंपायलर शेअर्ड (प्रोग्रॅम चालताना जोडल्या जाणाऱ्या) लायब्ररीतली सिम्बॉल्स न सांगताही बाहेरून वापरण्यास उघडी ठेवतो. विंडोजवर डीएलएलमधून (तिथल्या शेअर्ड लायब्ररीतून) एखादे सिम्बॉल बाहेर काढायचे तर तसे स्पष्ट सांगावे लागते, म्हणून लिनक्सवर निर्धास्त असलेली लायब्ररी विंडोजवर लिंक होत नाही. लिनक्सचा नेहमीचा लिंकर स्टॅटिक (प्रोग्रॅममध्येच मिसळल्या जाणाऱ्या) लायब्ररी डावीकडून उजवीकडे ज्या क्रमाने दिल्या त्या क्रमाने पाहतो, म्हणून मॅकवर खपून गेलेला क्रम इथे चालत नाही. ‘लाँग’ हा पूर्णांकाचा प्रकार ६४ बिट विंडोजवर ३२ बिटांचा आणि ६४ बिट लिनक्सवर ६४ बिटांचा असतो. यांपैकी काहीही दोन कॅश फाइलींच्या फरकात दिसणार नाही.

तुमच्या प्रसंगातला मूळ दोष असा की, लायब्ररी कुठून घ्यायची हे प्रकल्पाने लिहून ठेवलेलेच नव्हते. २०२० मध्ये ३.१९ या आवृत्तीपासून सीमेकमध्ये प्रीसेट (प्रकल्पासोबत लिहून ठेवलेल्या कॉन्फिगरच्या निवडी) उपलब्ध आहेत. शोधाचा मार्ग त्यात नोंदवला असता तर डॉक आणि टर्मिनल हा भेदच उरला नसता.

अर्धविराम

दोघांच्याही युक्तिवादात कॅशवर जो विश्वास आहे, तो मला थोडा जास्त वाटतो. मेकफाइल (मेक या बिल्ड साधनाची फाइल) किंवा निंजासाठी कॉन्फिगर केले तर बिल्डचा प्रकार (दोष शोधण्यासाठीचा ‘डीबग’ की वापरासाठीचा ‘रिलीज’) तेव्हाच ठरतो, आणि आपण तो दिला नाही व प्रकल्पानेही ठरवला नसेल तर बहुतेक वेळा तो चक्क रिकामा राहतो. व्हिज्युअल स्टुडिओच्या (मायक्रोसॉफ्टच्या आयडीईच्या) जनरेटरमध्ये याच्या उलट व्यवस्था आहे: तिथे बिल्डचा प्रकार बिल्ड करताना ठरतो आणि कॉन्फिगरच्या वेळी दिलेले मूल्य विचारातच घेतले जात नाही. परिणामी विंडोजवरच्या कॅशमध्ये ‘रिलीज’ लिहिलेले असते आणि प्रत्यक्षात, आदेशात प्रकार न सांगितल्यामुळे, ‘डीबग’ बनत असतो. मग त्यात रिलीजची लायब्ररी जोडायला गेलो की रनटाइम (भाषेची मूळ लायब्ररी) जुळत नसल्याची त्रुटी येते, आणि कॅश वाचणारा मनुष्य ‘पण इथे तर रिलीजच आहे’ म्हणून दिवसभर डोके खाजवतो. तो मनुष्य मी होतो.

गोदीकामगार

या सगळ्या चर्चेची गरजच काय, हे मला समजत नाही. कंपायलर, लायब्ररी आणि सीमेकची आवृत्ती कंटेनरमध्ये (सर्वत्र सारख्याच चालणाऱ्या वेगळ्या वातावरणात) बंद करून सर्वांनी तोच कंटेनर वापरला, तर कोणाच्या यंत्रावर काय पडले आहे हा प्रश्न उरत नाही आणि फोल्डर ठेवा वा पुसा, फरक पडत नाही.

सुतारपक्षी

गोदीकामगार यांचा उपाय लिनक्सपुरता उत्तम आहे. पण लिनक्सच्या कंटेनरमध्ये मॅकसाठी लागणारे एक्सकोड चालत नाही आणि व्हिज्युअल स्टुडिओही चालत नाही, आणि आपला विषय नेमका तिथेच अडतो. खुद्द लिनक्सवरही, नव्या जीलिबसीच्या (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीच्या) कंटेनरमध्ये बनलेला प्रोग्रॅम जुन्या वितरणावर आवृत्ती सापडत नाही म्हणून सुरूच होत नाही, हा अनुभव अनेकांना असेल.

अर्धविराम यांचा मुद्दा मात्र मला पूर्णपणे मान्य आहे. कॅशमध्ये कॉन्फिगरच्या वेळचा हेतू असतो, प्रत्यक्ष काय घडले ते नसते. म्हणून तुलना करताना कॅशच्या जोडीला कंपायलरला खरोखर गेलेले आदेशही पाहायला हवेत, जे निंजाला ‘व्ही’ पर्याय दिल्यावर किंवा मेकला ‘व्हर्बोज’ केल्यावर दिसतात. तिथे खोटेपणाला वाव नसतो.

कोरी_पाटी यांना एवढेच विचारतो की, पुसणे हा प्रयोग असेल तर त्याची नोंद कुठे आहे? प्रयोगानंतर निरीक्षण लिहिले जाते. आपल्याकडे ‘झाले बुवा एकदाचे’ म्हणून खिडकी बंद होते. जुन्या फोल्डरने दोष लपतो हे खरे, आणि म्हणूनच कोऱ्या फोल्डरमध्ये बिल्ड करायला माझा विरोध नाही. जुना फोल्डर न वाचता टाकून द्यायला आहे.

कोरी_पाटी

नोंदीचा मुद्दा मी मान्य करतो. परंतु तुमच्या कृतीत एक तांत्रिक चूक आहे आणि ती निस्तरायला हवी: फोल्डरचे नाव बदलू नका. कॅशमध्ये तिचा स्वतःचा पूर्ण मार्ग लिहिलेला असतो, त्यामुळे नाव बदललेल्या फोल्डरमध्ये सीमेक पुन्हा चालवले की ते कॅश दुसऱ्याच ठिकाणची आहे अशी तक्रार करून थांबते. म्हणजे पुरावा राहतो, पण त्यावर पुढचा प्रयोग करता येत नाही. मोडलेला फोल्डर जागच्या जागी राहू द्या आणि नव्या फोल्डरलाच वेगळे नाव द्या. (विंडोजवर ते नाव आखूडच ठेवा, मार्गाची २६० अक्षरांची जुनी मर्यादा अनेक साधनांना अजूनही लागू आहे, आणि बाहेरून आणलेल्या प्रकल्पांचे खोलवर गेलेले उपफोल्डर ती सहज ओलांडतात.)

दुसरे असे की, दोन कॅशमधला फरक ‘काय’ बदलले ते सांगतो, ‘का’ ते सांगत नाही. ३.१७ पासून ‘डीबग-फाइंड’ हा पर्याय आहे. सीमेकने कोणकोणत्या ठिकाणी, कोणत्या क्रमाने शोध घेतला हे तो छापतो. तुमच्या मॅकवर त्याने पाथचा घोटाळा थेट दाखवला असता.

सुतारपक्षी

नाव बदलण्याची चूक मान्य. आजपासून नव्या फोल्डरलाच वेगळे नाव देईन. ‘डीबग-फाइंड’विषयी मात्र एक अडचण आहे. उत्तर आधीच कॅशमध्ये असेल तर शोध नव्याने होत नाही, म्हणून मोडलेल्या फोल्डरमध्ये हा पर्याय फारसे काही बोलत नाही आणि त्यासाठी कोराच फोल्डर लागतो. तो कोरा फोल्डर टर्मिनलमधून कॉन्फिगर केला असता, तर आमच्या बाबतीत शोध बरोबरच झाला असता आणि आम्ही पुन्हा ‘दोष नाही’ असेच म्हटले असते. म्हणजे कोऱ्या फोल्डरमध्ये, पण ज्या आयडीईतून बिल्ड मोडला त्याच आयडीईतून आणि त्याच पाथसह, हा पर्याय द्यावा लागेल. आमच्या आयडीईच्या सीमेक सेटिंगमध्ये तो पर्याय लिहिण्याची जागा आहे. उद्या त्या दुसऱ्या मॅकवर, जुनी होमब्रू काढून टाकण्याआधी, हे करून पाहतो आणि छापून आलेला क्रम इथे देतो.