कोरकू पोरांना पहिलीपासून मराठीच का?

धारणीवाला
मेळघाटातल्या झेडपी शाळांबद्दल बोलायचंय. पहिलीत येणारं कोरकू आदिवासी पोरगं घरी फक्त कोरकू ऐकून आलेलं असतं. लोकांना वाटतं ही मराठीचीच कुठलीतरी गावठी बोली असेल, पण तसं अजिबात नाही, कोरकू मुंडा कुळातली, संथाली-मुंडारीची बहीण, मराठीशी तिचं काही नातंच नाही. मग मॅडम म्हणतात वही काढा आणि पोरगं नुसतं तोंडाकडे बघत बसतं, आणि महिनाभरात शिक्का बसतो की "मंद आहे, बोलतच नाही". घरी तेच पोरगं दिवसभर बडबड करत असतं! माझं म्हणणं एवढंच, पहिली-दुसरी कोरकूतून शिकवा, गावातली बारावी झालेली पोरगी वर्गात मदतीला ठेवा आणि मराठी हळूहळू बोलण्यातून येऊ द्या. ओडिशाने २००६-०७ पासून दहा आदिवासी भाषांत हे सुरू केलं. घटनेतलं ३५०-अ कलम, शिक्षण हक्क कायद्याचं (आरटीई) कलम २९, सगळीकडे मातृभाषा लिहिलेली आहेच. आपलं घोडं कुठे अडलंय?

कोथरूडकर_७७
असहमत. लहान मुलं भाषा पटकन उचलतात हो. माझी भाची जर्मनीत बालवाडीत गेली, सहा महिन्यांत फाडफाड जर्मन. इथे दोन वर्षं कोरकूत घालवलीत तर पाचवीत नवोदयच्या परीक्षेला ही मुलं कशी टिकणार? हेतू चांगला आहे पण नुकसान त्यांचंच.

धारणीवाला
भाचीला दुकानात, बसमध्ये, शेजारी सगळीकडे जर्मनच कानावर पडत होतं ना? आमच्याकडे पाड्यावर शाळा सुटली की मराठी संपली. धारणीच्या बाजारात गेलात तरी तिथे हिंदी चालते, एमपीची हद्द जवळ आहे. पोराने मराठी उचलायची कुठून?

चिखलदऱ्याचा
मी स्वतः कोरकू आहे, आश्रमशाळेत शिकलो. सुरवातीला काही कळायचं नाही, रडायचो, मार पण खाल्ला. पण आज नोकरी आहे ती मराठीमुळेच आहे. राग मानू नका भाऊ, पण आमच्या भाषेचं कौतुक बाहेरच्यांना जास्त. आमचे आईबाप इंग्लिश मीडियम मागतात, आदिवासी विभाग फी भरतो त्या नामांकित शाळांत नंबर लागावा म्हणून धडपडतात. कोरकूतून पहिली म्हटलं की गावात पहिला प्रश्न येईल, मग साहेबांची पोरं का नाही बसत या वर्गात?

धारणीवाला
राग कसला. पण तुमच्याबरोबर पहिलीला जे बसले होते त्यातले दहावीपर्यंत किती पोचले?

चिखलदऱ्याचा
थोडेच. पण ते भाषेमुळे गेले असं तुम्ही म्हणता, मी म्हणतो दिवाळी झाली की घरदार कामाला बाहेर जातं आणि होळीलाच परत येतं म्हणून गेले. होळी आमचा सगळ्यात मोठा सण, फगवा (होळीचे पैसे) मागत पोरं हिंडतात, त्यात परीक्षा तोंडावर. वर्ग कोरकूत भरवा नाहीतर फ्रेंचमध्ये, पोरगं गावातच नसेल तर शिकवणार कोणाला? आधी हंगामी वसतिगृह नीट चालवा, म्हणजे आईबाप कामाला गेले तरी पोरं गावात राहतील.

केंद्रप्रमुख_निवृत्त
दोघांचंही बरोबर आहे, म्हणूनच काही होत नाही 😀 एका वर्गात कोरकू, गोंड, गवळी, निहाल अशी पोरं असतात, मग कोणाच्या भाषेत शिकवायचं ते ठरवा. दुसरं म्हणजे बदल्या. अवघड क्षेत्रात, म्हणजे दुर्गम गावांत, तीन वर्षं झाली की गुरुजींना बदली मागायचा हक्क, म्हणजे जरा कुठे कोरकू कळायला लागलं की माणूस चालला. स्थानिक शिक्षक हाच उपाय होता, तर पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) क्षेत्रातली स्थानिक आदिवासींची भरती कोर्टात अडकली आणि मग मानधनावर नेमणुका आल्या. मानधनावरचा माणूस कोणत्या भरवशावर जीव ओतेल?

धानोरा_गडचिरोली
आमच्याकडे मोहगावला ग्रामसभांनी २०१९ मध्ये स्वतःच गोंडी शाळा काढली. झालं काय, तर शिक्षण विभागाने अनधिकृत ठरवली आणि प्रकरण हायकोर्टात. गोंडी बोलणारे २०११ च्या जनगणनेत २९ लाखांच्या वर, तरी घटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, नाव नाही. संथालीला, बोडोला २००३ मध्ये मिळालं. तेव्हा ३५०-अ आम्हाला नका सांगू, कागदावर सगळंच आहे.

कोथरूडकर_७७
मदतनीस ठेवायला माझा विरोध नाहीच. मराठी पहिल्या दिवसापासून हवी एवढंच म्हणतोय.

चिखलदऱ्याचा
मदतनीस असेल तर मी पण तयार आहे. पण तिचा पगार कोण देणार ते आधी बोला. झेडपीवर सोडलं तर ती दिवाळीपर्यंत पण टिकणार नाही.

धारणीवाला
आदिवासी उपयोजनेतला पेसाचा ५ टक्के अबंध (ठराविक कामाला न बांधलेला) निधी थेट ग्रामपंचायतीला येतो की, आणि तो कशावर खर्चायचा ते ग्रामसभा ठरवते. ठराव घ्या.

चिखलदऱ्याचा
आमच्या गावात त्याचा सभामंडप झाला. यावर्षीच्या ग्रामसभेत विषय मांडतो, पण ठरावाचा कागद तुम्ही लिहून द्या, मराठीत 😄