फुकट जेवणाला सगळे येतात? (हिलेल, शुक्रवार आणि तांदूळ)

तेलघाणा
परवा 'रोखठोक_अलिबाग' यांनी ठोकून दिलं: "अमेरिकी कॅम्पसवर ज्यू मुलांचे इतके गट कशाला? शुक्रवारी एकच मोठं जेवण ठेवा, फुकट म्हटल्यावर सगळे येतात." येतात हो, दर वेळी तेच ते चाळीस! १९२३ साली इलिनॉय विद्यापीठात हिलेल (ज्यू विद्यार्थ्यांची संस्था) सुरू झालं तेव्हा एक पंगत पुरली असेल. आज त्याच दारात ऑर्थोडॉक्स (कर्मठ) आहेत, रिफॉर्म (सुधारणावादी) आहेत, ब्रुकलिनचे सीरियन, लॉस एंजेलिसचे इराणी, घरी रशियन बोलणारे, आणि आपले कोकणातले ज्यू, बेने इस्राएलही.

घोडं अडतं ते बारीक गोष्टींवर. दाराशी क्यूआर कोड लावलात की शब्बाथ (शुक्रवार संध्याकाळपासूनचा विश्रांतीचा दिवस; फोन, वीज, लिहिणं वर्ज्य) पाळणारा बाहेरच उभा. कागदी यादीवर खूण करायला पेनही त्याला चालत नाही. नोंदणी गुरुवारी दुपारी बंद करा आणि हजेरीला नावांच्या चिठ्ठ्या एका डब्यातून दुसऱ्यात टाका. होस्टेलचं दार कार्डाने उघडत असेल तर परतताना त्याच्यासाठी दार कोण उघडणार, हेही आधीच ठरवा. प्रार्थना वेगवेगळ्या खोल्यांत, जेवण एकत्र. हे गट पाडणं नव्हे, सोय आहे.

रोखठोक_अलिबाग
सोय म्हणे. एका खोलीत सात, दुसरीत आठ, मिन्यान (सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा जण) कुठेच नाही! दहा जमत नाहीत म्हणून कद्दिश (दिवंगतांसाठी म्हणतात ती प्रार्थना) राहतो, तेव्हा सोयीचं काय करायचं? आणि एकदा लाड सुरू केले की उद्या कोणी पेसाहच्या (गहू-पाव वर्ज्य असलेल्या सणाच्या) सेदरला, म्हणजे सणाच्या रात्रीच्या जेवणाला, भातही मागेल.

मुठेकाठी
लाड? ज्यू धर्मनियमांचा ग्रंथ लिहिणाऱ्या योसेफ कारोंनी तांदळाला मनाई केलेलीच नाही. ती त्यावर टिपा लिहिणाऱ्या रब्बी रेमाची, अश्केनाझींसाठी (युरोपीय ज्यूंसाठी). कॉन्झर्व्हेटिव्ह (मधल्या पंथाच्या) रब्बींच्या समितीनेही २०१५ मध्ये तांदूळ-कडधान्यं मोकळी केली. कोकणातल्या घरात आठ दिवस भात नाही, हे तुम्ही अलिबागचं नाव लावून सांगता? कमाल आहे. पेसाह लागण्याआधी परातीत थोडा थोडा पसरून तांदूळ तीनदा निवडायचा, गव्हाचा दाणा राहता कामा नये. पन्नास माणसांना चार किलो तांदूळ. चार जणांनी बसून निवडला तर तोच एक कार्यक्रम होतो, पोस्टर लागत नाही.

रोखठोक_अलिबाग
नावावरून बोलायचं कारण नाही. स्वयंपाकघर एकच असतं. भात शिरला की अर्धे अश्केनाझी ताट बाजूला सारतील.

मशगिआख_मोड
दोघेही चुकीच्या जागी पहारा देताय. कितनियोत (तांदूळ-कडधान्यं) चुकून मिसळलं आणि बाकीचं अन्न जास्त असलं तर ते रद्द धरतात, पेसाहमध्ये गव्हाचा कण मात्र हजारातही रद्द होत नाही. तेव्हा डोळे गव्हावर ठेवा. गोंधळ होतो तो वाढताना: भाताचा चमचा कोंबडीच्या ट्रेमध्ये जातो आणि कोणीतरी ताट घेऊन उठतं. भात वेगळ्या टेबलावर, डावाला रंगीत दोरा, वर पाटी. संपलं.

आणि वर्षभराचं एक. स्वयंपाकी ज्यू नसेल तर रेमाच्या मते ज्यू माणसाने गॅस पेटवला तरी पुरतं, कारोंच्या मते भांडं चढवण्यातही त्याचा हात हवा. मशगिआखने (स्वयंपाकाचे धर्मनियम पाहणाऱ्याने) स्वतः पातेलं चढवावं, दोन्ही पक्ष जेवतात. खर्च शून्य.

अर्धी_भाकरी
भातावर इतकं रामायण, आणि जिचा बाप ज्यू, आई नाही, तिच्याबद्दल एक ओळ नाही! रिफॉर्म रब्बींनी १९८३ मध्येच अशांना धरलं, ऑर्थोडॉक्स आणि कॉन्झर्व्हेटिव्ह धरत नाहीत. ती जेवायला येते, शेजारच्या खोलीत दहा मोजताना तिला वगळतात, आणि पुढच्या शुक्रवारी ती येत नाही. मोजणी बुधवारीच संदेश पाठवून करा, दाराशी बोटं दाखवून नको. आणि आडनाव ऐकून "म्हणजे आई कुठली?" विचारणाऱ्याला स्वागताला उभं करू नका.

तेलघाणा
मान्य, हे मीही विसरलो होतो. बेने इस्राएल मुलांसाठी 'इंडिया नाइट' करून समोसे वाटू नका, एवढंच सांगतो. तू बिश्वातला (झाडांच्या सणाला) मलिदा करा. एक किलो जाड पोहे चाळणीत धुऊन लगेच निथळा, भिजत ठेवलेत तर लगदा होतो. दोन नारळांचं ओलं खोबरं, पाव किलो साखर, वेलची, बदाम-मनुका, बाजूला पाच फळं, आणि एलियाहू हनाबीचं (संदेष्टा एलियाचं) गाणं. दूध नाही, त्यामुळे मटणाच्या जेवणासोबतही चालतो.

रोखठोक_अलिबाग
तू बिश्वात बरा आहे, जानेवारी-फेब्रुवारीत येतो, सत्र नुकतंच लागलेलं असतं. मलिदा करा. पण सेदरला भात एकाच टेबलावर नको म्हणजे नको.

मुठेकाठी
वेगळं टेबल म्हणून मशगिआखांनी वर लिहिलंय. वाचून भांडा.