तलावातल्या बेटावर एक रात्र मुक्काम: होडी, सामान, पाणी याबद्दल मदत हवी आहे

आम्ही चौघे, दोन माणसी दोन कनू (वल्ह्यांनी चालवायच्या अरुंद, उघड्या होड्या). किनाऱ्यापासून बेट ३ किमी, मध्ये कुठेच आडोसा नाही. बेटाला वळसा घालणारी पायवाट ९ किमी. शनिवारी दुपारी निघून तंबू ठोकायचा, रविवारी सकाळी पायवाट करून दुपारी परतायचं, असा बेत आहे. डोंगरातल्या मुक्कामांची सवय आहे, पण होडीतून सामान कधी नेलेलं नाही. वेळ बरोबर आहे का? सामान कसं भरावं? तलावाचं पाणी उकळून चालेल का?

प्रतिसाद १
वेळ बदला, दोन्ही बाजूंची. ऊन चढलं की तलावावर वारा सुटतो, दुपारी जोर धरतो आणि बहुतेकदा संध्याकाळी पडतो. ३ किमी मोकळं पाणी म्हणजे लाटांना वाढायला भरपूर जागा. लाटांच्या टोकांवर पांढरा फेस दिसत असेल तर भरलेली उघडी कनू पाण्यात घालायचीच नाही. उजाडताच निघा. सामानासह पाऊण ते एक तास लागेल. पायवाट शनिवारीच उरका आणि रविवारची पहाट परतीसाठी राखून ठेवा.

एका जादा दिवसाचं खाणं घ्या आणि 'वारा पडला नाही तर सोमवारी येऊ' हे घरी आधीच सांगून ठेवा. ही मोकळीक नसेल तर बेटावर मुक्कामाला जाऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. डोंगरावरून वाट बदलून उतरता येतं, इथे परतीची वाट एकच आणि ती वाऱ्याच्या हातात.

लाइफ जॅकेट अंगात, बकल लावलेलं. गार पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास अनावर होतो, तेव्हा होडीत ठेवलेलं जॅकेट घालणं जमत नाही. लाट आडवी अंगावर घेऊ नका, होडीचं नाक तिरपं ठेवून कापा. होडी डुलायला लागली तर उभं राहू नका, गुडघ्यांवर बसा.

प्रतिसाद २
सामानाचं सांगतो. ड्राय बॅग (तोंड गुंडाळून बंद करायची जलरोधक पिशवी) गळते ती बहुतेकदा ठासून भरल्यामुळे. हवा दाबून काढा, तोंडाच्या किमान तीन घट्ट घड्या बसल्या पाहिजेत, मगच बकल. दोनच घड्या बसत असतील तर सामान काढा. स्लीपिंग बॅग आणि रात्रीचे कोरडे कपडे आत आणखी एका जाड प्लास्टिक पिशवीत.

जड वस्तू तळाला, मधोमध. सगळं भरून दोघं बसल्यावर होडीची कड पाण्याच्या वर किमान १५ सेंमी हवी. लांब मोकळे दोर आत लोळू देऊ नका, होडी उलटली तर पायात अडकतात. प्रत्येक होडीत एक जादा वल्हं आणि पाणी उपसायला डबा.

उतरल्यावर होडी नुसती वाळूवर ओढून ठेवणं पुरेसं नाही. रिकामी कनू वारा सहज उचलतो. पूर्ण बाहेर काढा, पालथी घाला, दोन्ही टोकं झाडाला बांधा.

मूळ प्रश्नकर्ता
मग शुक्रवारी रात्री किनाऱ्यावरच थांबून पहाटे निघतो. पाण्याचं आणि तंबूच्या जागेचं कोणी सांगेल का?

प्रतिसाद ३
खळखळ उकळी आल्यावर १ मिनिट, २००० मीटरच्या वर ३ मिनिटं. पण हिशेब करा: एक लिटर उकळायला १० ते १५ ग्रॅम गॅस, वाऱ्यात त्याहून जास्त. चौघांचं दिवसाचं १२ लिटर धरलं तर पावशेराचं सिलिंडर दीड-दोन दिवसांतच संपेल. पिण्यासाठी फिल्टर, गॅस स्वयंपाकाला. काठाला हिरवा रंग सांडल्यासारखी साय दिसली तर मात्र ते पाणी नकोच. त्या शेवाळाचं विष उकळून जात नाही आणि साध्या फिल्टरचाही भरवसा नाही. म्हणून पहिल्या दिवसाचं पाणी घरूनच न्या.

तंबू पाण्यापासून ६० मीटर, म्हणजे साधारण ८० पावलं आत. धरणाचा जलाशय असेल तर रातोरात पातळी बदलू शकते. ठोकण्याआधी वर बघा, वाळलेली फांदी डोक्यावर नको. शौचाचा खड्डा १५ ते २० सेंमी खोल आणि तोही पाण्यापासून तेवढाच लांब.