ब्रेझा, वॅगनआर की डिझायर? स्टॅक पार्किंगवाल्यांनी आधी गाडीची उंची बघा

(ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या सोसायटीचा ग्रुप. स्टॅक पार्किंग म्हणजे मशीनवर एकावर एक गाड्या लावायची सोय)

सी-६०४ : नमस्कार सगळ्यांना. पाडव्याच्या मुहूर्तावर गाडी घ्यायचं चाललंय. मारुतीचीच घ्यायची एवढं घरात ठरलंय. ऑन-रोड दहा लाखांच्या आत बसवायची आहे. ह्यांच्या मनात ब्रेझा सीएनजी आहे. मला ऑटोमॅटिक हवी, कारण जास्त मीच चालवणार. सासूबाईंचे गुडघे दुखतात, वॉकर सोबत न्यावाच लागतो. मुलं दोन. ज्यांच्याकडे मारुतीची गाडी आहे त्यांनी प्लीज मोकळेपणाने सांगा.

बी-३०१ : वहिनी, ब्रेझाच घ्या! १.५ लिटरचं इंजिन, १०३ पीएस, ऑटोमॅटिकमध्ये सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्स. टॉप मॉडेलला सनरूफ, ३६० कॅमेरा, हेड-अप डिस्प्ले. उंच बसायला मिळतं, खड्ड्यांत काळजी नाही.

ए-११०२ : वहिनी, मॉडेल नंतर बघू. तुमचं पार्किंग कुठलं? स्टॅकचं खालचं की वरचं?

सी-६०४ : खालचं काका. पी-१ मध्ये, जिन्याजवळचं.

ए-११०२ : मग ब्रेझा राहू द्या. आपल्या स्टॅकच्या खांबावर पिवळा स्टिकर आहे, धुळीने अर्धा झाकलाय, म्हणून कुणी वाचत नाही. खालच्या गाडीसाठी कमाल उंची १५५० मिलिमीटर लिहिली आहे. ब्रेझाची उंची १६८५. म्हणजे जवळजवळ साडेतेरा सेंटिमीटर जास्त. वरचा प्लॅटफॉर्म खाली आला की तो सरळ टपावर बसणार. इथे "थोडं ॲडजस्ट करू" चालत नाही.

या उंचीचं गणित शोरूममध्ये कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. बलेनो १५००, स्विफ्ट १५२०, डिझायर १५२५. या तीन खाली बसतात. फ्रॉन्क्स बरोबर १५५०, म्हणजे काठावर. मशीन थोडं झुकलेलं असलं, प्लॅटफॉर्मखाली एखादा नट-बोल्ट बाहेर आलेला असला तर काय, म्हणून माझ्या मते तीही नको. सेलेरिओ १५५५, इग्निस १५९५, वॅगनआर १६७५, अर्टिगा १६९०. या सगळ्या बाहेर.

सी-६०४ : अरे देवा. आम्ही ब्रेझाची टेस्ट ड्राइव्हसुद्धा घेऊन आलो. तिथे कुणी विचारलंच नाही.

डी-९०५ : ताई, मी फिजिओ आहे म्हणून मध्येच बोलते. गुडघ्यांसाठी मारुतीत वॅगनआर सगळ्यात सोयीची. उंच, दार मोठं, सीट कंबरेच्या बरोबरीला येते. पेशंट बाजूने बसतो, वाकून आत घुसावं लागत नाही. स्विफ्ट-बलेनोत सीट खाली असते, उठताना सगळा भार गुडघ्यावर येतो. आईंना कुठल्या गाडीत बसता-उठता येतं ते आधी बघा, बाकी सगळं नंतर.

सी-६०४ : हो ना ताई. पण वॅगनआरही उंचीत गेली.

बी-५०४ : आमची बलेनो वरच्या प्लॅटफॉर्मवर असते. वर बीमपर्यंत जागा आहे, वॅगनआर आरामात बसेल. कमिटी हो म्हणाली तर अदलाबदल करू. आम्हाला खालचं मिळालं तर बरंच आहे, सकाळी मशीनची वाट बघायला नको.

सी-६०४ : दादा, मनापासून धन्यवाद!

सेक्रेटरी : सभासदांनो, अदलाबदलीला हरकत नाही. मात्र दोन्ही सभासदांचं सहीचं पत्र कमिटीकडे यायला हवं. तोंडी ठरवून गाड्या लावू नयेत. मशीनच्या एएमसीवाल्याकडे (वार्षिक देखभालीचं कंत्राट असलेल्याकडे) प्रत्येक स्लॉटला गाडीचा नंबर आणि मॉडेल नोंदलेलं असतं.

बी-७०३ : आता पैशाचं बोलू का? दहा लाख ऑन-रोड म्हणता, तर कुठल्या गाडीवर किती टॅक्स लागतो ते समजून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल किंवा सीएनजी इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तर १८ टक्के, नाहीतर ४० टक्के. ब्रेझाची लांबी ३९९५ मिलिमीटर, म्हणजे चार मीटरच्या आत. पण इंजिन १४६२ सीसी, म्हणून ती ४० टक्क्यांत. वॅगनआर, स्विफ्ट, डिझायर, बलेनो, फ्रॉन्क्स या सगळ्या १८ मध्ये. नवीन दर लागले तेव्हाच्या सुरुवातीच्या एक्स-शोरूम (रोड टॅक्स आणि विमा सोडून) किमती अशा होत्या: वॅगनआर ४.९८ लाख, स्विफ्ट ५.७८, बलेनो ५.९८, डिझायर ६.२५, फ्रॉन्क्स ६.८४, ब्रेझा ८.२५. या सगळ्या बेसिक मॉडेलच्या. पेपरातल्या जाहिरातीत तीच असते.

त्यावर आपल्या राज्याचा रोड टॅक्स. पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के. म्हणजे आठ लाखांची गाडी असेल तर ८८ हजार आरटीओतच गेले. कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के, तेव्हा दादांना सांगा, स्वतःच्या नावावर घ्या. सीएनजीचा दर पेट्रोलपेक्षा कमी आहे. नवीन गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा सक्तीचा. १००० ते १५०० सीसीला त्याचे १०,६४० रुपये अधिक जीएसटी. पण ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा भाग बाहेरून घेता येतो. डीलरच्या कोटेशनवर डोळे मिटून सही करू नका, बाहेरून दोन कोटेशन काढा आणि समोर ठेवा. "हँडलिंग चार्जेस" नावाची ओळ दिसली तर सरळ खोडायला सांगा. ॲक्सेसरीजचं पॅकेजही गळ्यात मारतात. मॅट आणि मडफ्लॅप सोडले तर त्यातलं फारसं काही लागत नाही.

सी-६०४ : खूपच उपयोगी. आता सीएनजी की ऑटोमॅटिक? हे म्हणतात दोन्ही एकत्र मिळेल.

ए-११०२ : मारुतीत नाही मिळत. सीएनजीची प्रत्येक गाडी मॅन्युअलच आहे. दोन्हीतलं एक निवडायचं. आणि ते रनिंग बघून निवडायचं. महिन्याला किती फिरते गाडी?

सी-६०४ : हे ऐरोलीला कंपनीच्या बसने जातात. गाडी म्हणजे मुलांचे क्लास, आईंचा दवाखाना, शनिवार-रविवार बाजार. महिन्याला ३०० किलोमीटर होत असतील. वर्षातून दोनदा चिपळूणला गावी.

ए-११०२ : मग सीएनजीचा नाद सोडा, दादांना मी समजावतो. हिशोब सोपा आहे. पेट्रोल १०४ च्या आसपास, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये गाडी लिटरला १५ देते असं धरू. सीएनजी किलोला ८० च्या आसपास, किलोत २२ किलोमीटर धरू. कंपनीचा आकडा स्विफ्ट सीएनजीला ३२.८५ आणि वॅगनआर सीएनजीला ३४.०५ आहे, पण माजिवड्याच्या जॅममध्ये तो कुणाला दिसला नाही. किलोमीटरमागे तीन-सव्वातीन रुपये वाचतात. म्हणजे तुमचे महिन्याला हजारभर. सीएनजी मॉडेलला ८०-९० हजार जास्त मोजायचे, ते वसूल व्हायला सात वर्षं. त्यापेक्षा जो माणूस रोज चाळीस-पन्नास किलोमीटर स्वतः गाडी काढतो, त्याने सीएनजी घ्यावी, त्याचे अडीच वर्षांत निघतात. त्यात पंपावरची रांग आहे, दर तीन वर्षांनी सिलेंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) आहे. आणि वॉकर? डिकीत सिलेंडर बसल्यावर वॉकर मुलांच्या पायांत ठेवावा लागेल. आईंसोबत रोज तेच करायचं का?

बी-३०१ : काका, मारुतीच्या नव्या व्हिक्टोरिसमध्ये सीएनजीची टाकी गाडीच्या खाली आहे, डिकी पूर्ण मोकळी.

ए-११०२ : बरोबर, चांगली गोष्ट आहे. पण ती २०२५ मध्ये आली तेव्हाच १०.४९ लाखांपासून सुरू होत होती, तीही एक्स-शोरूम, आणि उंचीही स्टॅकच्या बाहेर.

सी-६०४ : काका, मग ऑटोमॅटिक कशी असते यांची? गायमुखच्या चढावर मागे येते म्हणतात.

ए-११०२ : मारुतीने २०१४ मध्ये सेलेरिओत एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल) आणली, देशात ती पहिलीच. वॅगनआर, स्विफ्ट, डिझायर, बलेनो या सगळ्यांत तीच एएमटी आहे. मॅन्युअलचाच गिअरबॉक्स, क्लच आणि गिअर मशीन बदलतं. म्हणून गिअर पडताना गाडी किंचित थांबल्यासारखी वाटते, मान पुढे जाते. हळू पाय दिला की जाणवत नाही. चढावर हिल होल्ड दोन-तीन सेकंद गाडी धरून ठेवतं, तेवढ्यात ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर यायचं. नुसत्या ॲक्सिलरेटरवर चढाला गाडी तोलून ठेवू नका, क्लच जळतो. ट्रॅफिक पाच मिनिटं हललं नाही तर न्यूट्रल आणि हँडब्रेक. एवढं पाळलं तर एएमटी रोजच्या वापराला उत्तम. खर्चही कमी, टॉर्क कन्व्हर्टरवाली गाडी यापेक्षा बरीच महाग पडते.

बी-३०१ : इंजिनातही फरक आहे वहिनी. स्विफ्ट-डिझायरला नवीन १.२, तीन सिलेंडरचं, सिग्नलला उभी असताना स्टिअरिंगवर थोडी थरथर जाणवते. बलेनोला जुनं चार सिलेंडरचं १.२, ९० पीएस, ते शांत आहे. वॅगनआरच्या झेडएक्सआय या वरच्या मॉडेललाही तेच चार सिलेंडरचं येतं.

सी-६०४ : म्हणजे वॅगनआर झेडएक्सआय ऑटोमॅटिक, पार्किंग बदलून. हे ठरतंय असं वाटतं.

ए-११०२ : वहिनी, वॅगनआरबद्दल एक गोष्ट बोलायलाच हवी. गावाकडे चिपळूणला जाता ना? २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने वॅगनआरची क्रॅश टेस्ट केली. मोठ्यांच्या सुरक्षेला एक तारा, मुलांच्या सुरक्षेला शून्य. तेव्हा दोनच एअरबॅग होत्या, आता सहा देतात, ही सुधारणा आहे. पण त्या टेस्टमध्ये गाडीचा सांगाडाच अस्थिर ठरला होता आणि एअरबॅग वाढवून सांगाडा बदलत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या नव्या डिझायरला ग्लोबल एनकॅपने मोठ्यांसाठी पाच तारे दिले, नंतर भारत एनकॅपमध्येही (आपल्याकडच्या तशाच टेस्टमध्ये) पाच. मारुतीची पाच तारे मिळवलेली ती पहिली गाडी. बलेनोला भारत एनकॅपमध्ये चार. शहरात चाळीसच्या स्पीडने फिरणारी गाडी असती तर मी एवढा आग्रह धरला नसता. पण गोवा हायवेवर रात्री ट्रकच्या मागून जाणार, मागच्या सीटवर दोन मुलं असणार. माझी सून आणि नातवंडं असती तर मी त्यांना डिझायरच घ्यायला लावली असती.

डी-९०५ : काकांचं म्हणणं खरं आहे. ताई, मग असं करा, आईंना घेऊन जा आणि डिझायरच्या पुढच्या सीटवर बसवून बघा, मागच्या नाही. सीट पूर्ण मागे सरकवा. आधी पाठ गाडीकडे करून बसायचं, मग दोन्ही पाय एकदम आत. उठताना पाय आधी बाहेर, दोन्ही जमिनीवर टेकल्यावरच उठायचं. एक पाय आत आणि एक बाहेर अशा अवस्थेत कधीच उठायचं नाही, गुडघा तिथेच पिळवटतो. सीटवर घट्ट फोमची दोन इंचाची उशी टाकली की उंचीही थोडी वाढते. तीन-चार वेळा करून बघा, एकदा जमलं म्हणजे रोज जमेल असं नसतं.

सी-६०४ : नक्की. रविवारी जातो.

---

सी-६०४ : जाऊन आलो. आईंना घेऊन गेलो होतो. वॅगनआरमध्ये त्या एकट्या बसल्या आणि उतरल्या, कुणी हात लावला नाही. स्विफ्टच्या मागच्या सीटवर बसल्या, पण उठता येईना, ह्यांनी हात धरून उठवलं. डिझायरच्या पुढच्या सीटवर ताईंनी सांगितलं तसं केलं, पहिल्या वेळेला अडखळल्या, मग जमलं. सेल्समन घाई करत होता, पण आम्ही परत परत करायला लावलं. आई म्हणाल्या, "ही चालेल, पण पुढेच बसणार मी." आणि मागे एसीचे व्हेंट आहेत, वॅगनआरला नाहीत, त्यामुळे मुलं खूश. डिकी ३८२ लिटरची, वॉकर घडी करून आडवा बसला, वर दोन पिशव्याही.

ह्यांना सीएनजीचा हिशोब पटला. डिझायरचं मधलं मॉडेल, व्हीएक्सआय पेट्रोल ऑटोमॅटिक बघतोय, ऑन-रोड दहाच्या आत बसतेय. झेडएक्सआयला अलॉय व्हील आणि बाकी बरंच आहे, पण त्यासाठी बजेट ओढायची तयारी नाही. रिव्हर्स कॅमेरा बाहेरून बसवून घेऊ.

बी-७०३ : कॅमेरा बाहेरून बसवलात तर वायर कापून जोडू देऊ नका, कपलरने जोडायला सांगा, नाहीतर वॉरंटीला कटकट होते. कोटेशन इथे टाका, बघतो.

सी-६०४ : टाकलंय. हँडलिंगचे ६,५०० लावलेत. आणि ॲक्सेसरीजचे २४,०००.

बी-७०३ : हँडलिंग खोडायला सांगा. ॲक्सेसरीजमध्ये बॉडी कव्हर, क्रोम गार्निश, परफ्यूम, अंडरकोटिंग दिसतंय. मॅट आणि मडफ्लॅप ठेवा, बाकीचं काढा. इन्शुरन्सचं कोटेशन मी रात्री दुसरीकडून काढून पाठवतो. बुकिंगच्या पावतीवर "डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू" असं छापलेलं असतं, ते वाचून ठेवा. आणि गाडी कुठल्या महिन्यात बनली ते चासिस नंबरवरून तपासा, जानेवारीनंतर घेत असाल तर मागच्या वर्षाची गाडी त्याच भावात घेऊ नका.

बी-५०४ : वहिनी, मग पार्किंग बदलायची गरज नाही ना?

सी-६०४ : नाही दादा, डिझायर खालीच बसेल. तुम्ही विचारलंत हेच खूप झालं.

ए-११०२ : घेण्याआधी एकदा टेप घेऊन खाली या, मी येतो. स्टिकरवरचं १५५० खरं आहे का ते प्लॅटफॉर्मच्या खालच्या पत्र्यापासून मोजून घेऊ. मागच्या पावसात मशीनचा पाया एका बाजूला खचला होता, नंतर पॅकिंग टाकलंय. डाव्या कोपऱ्यात कमी भरलं तर आधी एएमसीवाल्याला बोलवायचं, मगच गाडी आत.

सेक्रेटरी : काका, शनिवारी सकाळी १० वाजता एएमसीवाला येणारच आहे, तेव्हाच मोजून घ्या. आणि सगळ्या स्टॅकवाल्यांना विनंती, नवीन गाडी बुक करण्याआधी मॉडेल आणि उंची ऑफिसमध्ये कळवा. पी-१ आणि पी-२ मधल्या सर्व स्लॉटची मोजलेली उंची मी त्याच दिवशी नोटीस बोर्डावर लावतो आणि इथेही फोटो टाकतो.